सोया ताटात की कॅप्सूलमध्ये? स्तनकर्करोगाच्या उपचारांनंतरची निवड

टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल ही इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला रोखणारी औषधे सुरू असताना सोमवारच्या शिवराक (शाकाहारी) जेवणात सोया चंक्सची शागोती चालेल का? चालेल. मात्र औषधाच्या दुकानातली आयसोफ्लेव्होनची कॅप्सूल घेऊ नये. आयसोफ्लेव्होन म्हणजे सोयातले नैसर्गिक पदार्थ, आणि जेनिस्टीन त्यांतलेच एक. ते दोन्हींत असते, फरक मात्रेचा आहे.

जेनिस्टीनची घडण इस्ट्रोजेनसारखी आहे. प्रयोगशाळेत एमसीएफ-7 या इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या स्तनकर्करोगाच्या पेशींना ते 1 मायक्रोमोलर (द्रावणातल्या प्रमाणाचे एकक) च्या आसपास दिले की पेशी वाढतात. 10 मायक्रोमोलरच्या बरेच वर नेले की वाढ खुंटते. ‘सोया कर्करोग मारतो’ असे सांगणारे बहुधा हा दुसरा आकडा धरतात, पण जेवणातून रक्तात मोकळे जेनिस्टीन तेवढे कधीच चढत नाही. बहुतेक भाग आतडे आणि यकृत बांधून निष्क्रिय करतात. उंदरांत ही बांधणी कमी होते. म्हणूनच अंडाशय काढलेल्या उंदरांना शुद्ध जेनिस्टीन दिल्यावर एमसीएफ-7 च्या गाठी वाढल्या, हा निष्कर्ष आपल्या ताटाला जसाच्या तसा लावता येत नाही.

माणसांतला पुरावा ताटाच्या बाजूचा आहे. शांघायमधल्या 5,042 रुग्ण स्त्रियांच्या अभ्यासात (2009) सर्वाधिक सोया खाणाऱ्यांत मृत्यूचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे 29 टक्के आणि रोग पुन्हा होण्याचा 32 टक्के कमी दिसला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. सोयामुळेच धोका घटला असे त्यातून सिद्ध होत नाही. पण घाबरण्याचे कारणही उरत नाही.

100 ग्रॅम टोफूत साधारण 20 ते 30 मिलीग्रॅम आयसोफ्लेव्होन असतात. कॅप्सूलमध्ये त्याहून बरेच जास्त असू शकतात आणि ते एकाच घोटात पोटात जातात. सोया तेलात ते जवळपास नसतातच. प्रोटीन पावडर अल्कोहोलने धुतलेली असेल तर बरेचसे निघून जातात, पण डब्यावर ते बहुधा लिहिलेले नसते.

दिवसाला सोयाच्या एक-दोन वाट्या पुरेत. चंक्स गरम पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून घट्ट पिळावेत. थायरॉईडची गोळी असेल तर सोया आणि गोळी यांत चार तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

टॅमॉक्सिफेनने अंगातून गरम वाफा येतात, आणि नेमक्या त्यावरच या कॅप्सूल सुचवल्या जातात. पाकिटावर ‘रेड क्लोव्हर’ या वनस्पतीचे नाव असेल तरी आत आयसोफ्लेव्होनच असतात. वाफांचा त्रास आधी कर्करोगतज्ज्ञांना सांगावा. त्यावर इस्ट्रोजेनशी संबंध नसलेली औषधे आहेत.