लोगोसाठी इंकस्केप की इलस्ट्रेटर?

लोगो व्हेक्टरमध्येच, म्हणजे ठिपक्यांऐवजी गणिती रेषा-वळणांनी करायचा, हे आधी पक्कं करा. दोन्ही सॉफ्टवेअर त्याच कामाची आहेत, म्हणजे व्हिजिटिंग कार्डावरचा लोगो होर्डिंगवर नेला तरी कडा फाटत नाहीत.

इलस्ट्रेटर १९८७ पासून बाजारात आहे आणि छपाईवाल्यांच्या तो अंगवळणी पडलाय. सीएमवायके रंग (छपाईच्या चार शाया), स्पॉट कलर (आधीच मिसळलेली ठरावीक शाई), एकाच फाइलमध्ये लोगोची पाच रूपं, सगळं सरळ होतं. मात्र वर्गणी भरत राहावी लागते. वर्षाला दोनच लोगो करणाऱ्याला ते जड जातं.

इंकस्केप २००३ पासून आहे, मुक्त आणि फुकट. त्याची मूळ फाइलच एसव्हीजी (ब्राउझरला थेट दाखवता येणारा व्हेक्टर प्रकार), त्यामुळे वेबसाइटसाठी वेगळी खटपट नाही. नोड (रेषेवरचे बिंदू) ओढून वळण बसवण्यात मला तरी ते कुठे कमी वाटलं नाही. खरी अडचण छपाईची: काम मुळात आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाच्या रंगांत चालतं, त्यामुळे कागदावर भडक निळा मळकट उतरू शकतो.

देवनागरी अक्षरांचा लोगो असेल तर एक गंमत. इंकस्केपमध्ये 'कीर्ती' टाइप करा, रफार आपोआप जागेवर बसतो. इलस्ट्रेटरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोजर (अक्षरजुळणीची सेटिंग) निवडलेला नसेल तर वेलांट्या भलतीकडे पळतात. आणि फाइल देण्याआधी अक्षरांचं पाथमध्ये (नुसत्या रेषाकृतींमध्ये) रूपांतर करायला विसरू नका. समोरच्याकडे तो फाँट नसतोच!

मी स्वतः इंकस्केपवर काढतो. स्पॉट कलरची छपाई असली तरच इलस्ट्रेटर उघडतो.