पीए की एपी: छातीच्या फिल्मवरचं हृदय किती मोठं मानायचं?

वॉर्डातले नवे डॉक्टर हा प्रश्न नेहमी विचारतात: रुग्णाला एक्स-रे रूममध्ये न्यायचं, की पोर्टेबल मशीन खाटेपाशी बोलवायचं? हृदयाचा आकार बघायचा असेल आणि रुग्ण उभा राहू शकत असेल, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. खाली न्या, पीए घ्या, म्हणजे किरण पाठीकडून पुढे जाणारी फिल्म. पोर्टेबलवर बहुधा एपी मिळते, म्हणजे किरण समोरून मागे जाणारी.

कारण साधं आहे. दिव्यासमोर हात धरा. हात भिंतीला टेकलेला असेल तर सावली हाताएवढीच पडते आणि कडा रेखीव दिसतात. तोच हात दिव्याकडे सरकवला की सावली फुगते, कडा विरतात. एक्स-रेची ट्यूब म्हणजे दिवा, डिटेक्टर म्हणजे भिंत. सावली किती पट मोठी, हे ट्यूब ते डिटेक्टर अंतराला ट्यूब ते अवयव अंतराने भागलं की कळतं.

पीएमध्ये रुग्ण छाती डिटेक्टरला टेकवून उभा राहतो, ट्यूब पाठीमागे साधारण १८० सेंटीमीटरवर असते. हृदय छातीच्या पुढच्या भागात, म्हणजे डिटेक्टरजवळ. पोर्टेबल एपीमध्ये सगळं उलटं: डिटेक्टर पाठीखाली, ट्यूब समोरून आणि बऱ्याचदा १०० सेंटीमीटरच्या आसपास. हृदय भिंतीपासून लांब गेलं आणि दिवाही जवळ आला.

आकडे मांडून बघू. समजा छातीची पुढून मागे जाडी २४ सेंटीमीटर, हृदयाचा मध्य समोरून ९ सेंटीमीटर आत, आणि बरगड्यांचा सर्वांत रुंद भाग बरोबर मधोमध. हृदय खरं १४ सेंटीमीटर रुंद, छाती आतून २८. पीएवर हृदय १४.७ आणि छाती ३० दिसेल. सीटी (कार्डिओथोरॅसिक) रेशो, म्हणजे हृदयाची रुंदी भागिले छातीची रुंदी, ०.४९. त्याच माणसाची १०० सेंटीमीटरवरून एपी घेतली तर हृदय १६.५, छाती ३१.८ आणि रेशो ०.५२. प्रौढांमध्ये पीएवर ०.५ ही नेहमीची मर्यादा. म्हणजे एकाच माणसाचं हृदय एका फिल्मवर नॉर्मल आणि दुसऱ्या फिल्मवर ‘मोठं’!

मग एपीच १८० सेंटीमीटरवरून घेतली तर? हृदय १५.३ वर येतं, पण छातीची सावलीही ३० वर येते, आणि रेशो ०.५१ च्या आसपासच राहतो. ट्यूब मागे नेल्याने सेंटीमीटर सुधारतात, रेशो फारसा सुधारत नाही. रेशो बिघडवते ती मुख्यतः दिशा. मला स्वतःला हे कागदावर मांडेपर्यंत खरं वाटलं नव्हतं.

याच गणिताची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. भूमितीने इथे फरक पाडला तो जेमतेम ०.०३ चा. एपीवर रेशो ०.६ आला तर ‘एपी आहे, मोठं दिसणारच’ म्हणून फिल्म बाजूला ठेवू नका. आडवा रुग्ण पुरेसा श्वास भरत नाही, डायफ्राम (छाती आणि पोटामधला पडदा) वर चढतो आणि हृदय आडवं पसरतं. फुगवट्यातला बराच वाटा त्याचा असू शकतो. म्हणून श्वास किती भरलाय ते आधी बघा. तो पुरेसा असूनही हृदय मोठंच दिसत असेल, तर हृदयाभोवती पाणी साचलंय का, हे एकोने (हृदयाच्या सोनोग्राफीने) बघायलाच हवं. उलट एपीवर हृदय नॉर्मल दिसलं तर आकाराबाबत निश्चिंत राहा, पीएवर ते मोठं निघण्याची शक्यता फार कमी.

व्हेंटिलेटरवरच्या किंवा अस्थिर रुग्णाला हलवण्यात अर्थ नाही, तिथे एपीच. प्रश्नही वेगळा असतो: नळी कुठे आहे, फुप्फुस पसरलंय का. पण स्क्रीनवरची मोजपट्टी बहुधा डिटेक्टरवरच्या सावलीची लांबी सांगते, अंगातली नाही. श्वासनळीतल्या नळीचं टोक श्वासनळी दुभंगते त्या जागेपासून खरं ५ सेंटीमीटर वर असेल तर १०० सेंटीमीटरवरून घेतलेल्या एपीवर ते अंतर साधारण ५.७ भरतं. नळी थोडी आत सरकवायचा निर्णय त्या ७ मिलिमीटरवर घेऊ नका.

सर्वांत मोठा घोळ तुलनेत होतो. सोमवारी पीए, बुधवारी पोर्टेबल एपी, आणि दोन फिल्म शेजारी लावून नातेवाइकांना ‘हृदय वाढलंय’ असं सांगितलेलं मी पाहिलंय. त्या घरच्यांची ती रात्र कशी गेली असेल! फिल्मवर पीए की एपी याची खूण नसेल तर खांद्याची पाती बघा. पीएत खांदे पुढे वळवलेले असल्याने पाती फुप्फुसांच्या बाहेर जातात. एपीत त्यांच्या कडा फुप्फुसांवर पडलेल्या दिसतात. एपीची तुलना एपीशीच करा, तीही शक्यतो त्याच अंतरावरच्या आणि त्याच स्थितीतल्या.

आणि पोर्टेबलच मागवावं लागलं तर कागदावर ‘हृदयाचा आकार बघायचा आहे’ एवढं लिहा. मग टेक्निशियन रुग्णाला जमेल तेवढं बसतं करतो, ट्यूब मागे घेतो आणि अंतर फिल्मवर नोंदवून ठेवतो.