वर्गणी कुणाच्या वाटेनं: सादियो माने की हुआन माटा?

फुटबॉलच्या फॅन ग्रुपमध्ये काही मोसम एकत्र मॅच बघून झाल्या की कुणीतरी विषय काढतोच: नुसत्या जर्स्या घेऊन काय होतंय, आपल्या खेळाडूच्या नावानं चार पैसे चांगल्या कामाला लावूया. इथवर सगळे राजी असतात. गाडी अडते ती कसे लावायचे यावर, आणि मग दोन खेळाडूंची नावं हमखास निघतात: सेनेगलचा सादियो माने आणि स्पेनचा हुआन माटा. आमच्या कोल्हापुरातल्या ग्रुपनं दोन्ही तऱ्हा करून बघितल्या, म्हणून हा आढावा. मी लिव्हरपूलवाला आहे, म्हणजे मानेच्या जुन्या इंग्लिश क्लबचा चाहता, त्यामुळं मन कुठं ओढतं हे लपवत नाही. तरीही काटा शेवटी दुसरीकडं झुकला.

मानेची वाट म्हणजे एक गाव, एक काम, एक नाव. सेनेगलमधलं बांबाली हे त्याचं गाव. तो सात वर्षांचा असताना वडील वारले, आणि गावात तेव्हा दवाखाना नव्हता. लिव्हरपूलकडून खेळताना त्यानं आधी गावात शाळेसाठी पैसे दिले, मग २०२१ मध्ये रुग्णालय उभं राहिलं. त्यासाठी त्यानं सुमारे पाच लाख पौंड दिल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. या पद्धतीची ताकद अशी की काय झालं ते डोळ्यांना दिसतं. इमारत आहे, खाटा आहेत, दारात रांग आहे. पेठेतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तालमीत वाढलेल्या पोराला चार पैसे मिळाले की त्यानं आधी आपल्या गल्लीकडं बघावं, अशी इथली अपेक्षाच असते. आम्हीही तेच धरलं. मानेच्या नावानं एका शाळेचं मैदान घेतलं: गोलपोस्ट, जाळ्या, पाण्याची सोय, आणि कडेला एक पाटी.

माटाची वाट त्या मानानं रूक्ष वाटते. ऑगस्ट २०१७ मध्ये, मँचेस्टर युनायटेडमध्ये असताना, त्यानं पगारातला एक टक्का देण्याचं जाहीर केलं आणि इतर खेळाडूंनाही तेच करायला सांगितलं. ‘कॉमन गोल’ नावाची मोहीम ती हीच. त्यामागं युर्गेन ग्रीझबेक हा जर्मन माणूस होता. १९९४ चा वर्ल्ड कप चालू असतानाच कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबार या खेळाडूचा मेडेलिन शहरात खून झाला, तेव्हा हा तिथंच होता, आणि फुटबॉलमधून सामाजिक काम करायचं त्यानं तिथूनच मनावर घेतलं. माटानंतर दुसरा आला माट्स हुमेल्स. पुढं कियेलिनी, मेगन रॅपिनो, अॅलेक्स मॉर्गन आले, २०१९ मध्ये लिव्हरपूलचा तेव्हाचा कोच क्लॉपही आला. पैसे एका ठिकाणी जमतात आणि फुटबॉलमधून मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना जातात. घोषणेच्या आधी त्याच उन्हाळ्यात माटा मुंबईत येऊन ‘ऑस्कर फाउंडेशन’चं काम बघून गेला होता. कुलाब्याच्या आंबेडकर नगर वस्तीतली ही संस्था. तिथला नियम साधा आहे: शाळेत गेला नाहीस तर फुटबॉल नाही.

कागदावर मांडलं तर मानेची वाट मोठी वाटते. रुग्णालयापुढं एक टक्का तो काय? आमच्या ग्रुपमध्येही पहिल्यांदा असंच मत पडलं.

पण मग ट्रान्सफरचा, म्हणजे खेळाडूंनी क्लब बदलायचा, मोसम आला.

कोल्हापूरकरांना या आजाराची ओळख आहे. केएसएची, म्हणजे इथल्या फुटबॉल संघटनेची, नोंदणी जवळ आली की पाटाकडील तालमीचा कोण शिवाजी मंडळाकडं चाललाय, प्रॅक्टिस क्लबवाल्यांनी कुणाला गळ घातलीय, यावर चहाच्या गाड्यावर रात्री जातात. युरोपात तेच चालतं, फक्त आकडे मोठे. २०२२ च्या फेब्रुवारीत मानेनं आफ्रिका कपच्या फायनलमध्ये शेवटची पेनल्टी मारली तेव्हा आमच्याकडं वर्गणी धो धो येत होती. मेअखेर चॅम्पियन्स लीगची फायनल हरलो आणि माने जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबात जाणार अशा वावड्या सुरू झाल्या. सेनेगलच्या कॅम्पमध्ये मानेनं हसत उत्तर दिलं की साठ-सत्तर टक्के सेनेगलवासीयांना मी लिव्हरपूल सोडावं असं वाटतं ना, मग मी त्यांचं ऐकेन. नंतर तो म्हणाला की चेष्टा होती. पण जूनमध्ये म्युनिकला जाऊन सही झालीच.

त्या काही आठवड्यांत आमच्या मैदानाच्या कामाचं जे झालं, त्यावरून माझं मत ठरलं. निम्मे पैसे आले होते, उरलेले थांबले. “क्लब सोडून जाणाऱ्याच्या नावाची पाटी आपण का लावायची?” असं एकानं लिहिलं आणि पुढचा आठवडाभर ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. एक गट म्हणाला, पाटीवर लिव्हरपूलच्याच सलाहचं नाव घाला. दुसरा म्हणाला, त्याचंही काँट्रॅक्ट संपत आलंय, थांबा. पेंटर दोनदा येऊन परत गेला. गोलपोस्ट उभे राहिले, जाळ्या काही पावसाळ्याआधी लागल्या नाहीत. पोरं बिनजाळ्यांच्या गोलांत चिखलात खेळत राहिली आणि प्रत्येक गोलनंतर बॉल आणायला नाल्यापर्यंत पळत राहिली. शाळेच्या सरांनी मला एकदा शांतपणे विचारलं की जाळ्यांचा आणि जर्मनीचा नेमका संबंध काय. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

यात मानेचा दोष शून्य. तो म्युनिकला गेला म्हणून बांबालीचं रुग्णालय हललं नाही. पुढच्या वर्षी सौदीच्या अल नास्र क्लबला गेला तरी गावाशी नातं तेच राहिलं. त्याची बांधिलकी गावाशी होती, आमची त्याच्या जर्सीशी. माने स्वतः मानेच्या वाटेनं चालू शकतो, कारण बांबाली त्याचं आहे. फॅन ग्रुप त्या वाटेनं चालला की पैशाची दोरी खेळाडूच्या गळ्यात जाते आणि खेळाडू एजंटच्या हातात असतो.

हे फक्त मानेपुरतं नाही. लिव्हरपूलचा तेव्हाचा कॅप्टन जॉर्डन हेंडरसननं २०२० मध्ये कोरोनाच्या काळात प्रीमियर लीगच्या कॅप्टनांना एकत्र करून एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी पैसे उभे केले. समलैंगिक चाहत्यांच्या बाजूनंही तो उघडपणे बोलायचा. २०२३ मध्ये तो, समलैंगिकता जिथं गुन्हा आहे त्या सौदीच्या अल इत्तिफाक क्लबला गेला आणि त्याच चाहत्यांना आपल्याला फसवल्यासारखं वाटलं. मँचेस्टर युनायटेडच्या रॅशफर्डनं २०२० मध्ये शाळेतल्या मुलांच्या जेवणासाठी ब्रिटिश सरकारला निर्णय फिरवायला लावला, पण पुढच्या वर्षी युरोच्या फायनलमध्ये पेनल्टी हुकली तेव्हा एका खासदार बाईंनी राजकारणापेक्षा खेळाकडं लक्ष द्यायला हवं होतं असा टोमणा मारला. नंतर त्यांना माफी मागावी लागली, ते सोडा. काम चांगलं असो वा वाईट, ते एका चेहऱ्याला बांधलं की त्याच्या फॉर्मबरोबर आणि बदलीबरोबर वरखाली होतं.

आता माटाकडं बघा. ट्रान्सफरच्या वावड्यांतून हा माणूस कधी सुटलाच नाही. चेल्सी क्लबात कोच मोरिन्योनं बाजूला सारलं, जानेवारी २०१४ मध्ये हेलिकॉप्टरनं युनायटेडच्या कॅरिंग्टनच्या सराव मैदानावर उतरला. २०१६ मध्ये तोच मोरिन्यो मागोमाग युनायटेडला आला, तेव्हा सगळ्यांनी माटाला विकूनच टाकलं होतं. तो टिकला. २०२२ मध्ये तुर्कस्तानचा गलातासराय क्लब, मग जपानमध्ये कोबे, मग सिडनी. या सगळ्या प्रवासात एक टक्का कुठल्या क्लबचा, हा प्रश्नच निघत नाही. तो पगाराला चिकटलेला आहे. पगार देणारा बदलला तरी टक्का तोच. आम्ही हीच गोष्ट उचलली: प्रत्येकानं वर्षातून एकदा, एका महिन्याच्या कमाईचा एक टक्का. कुणाच्याही नावानं नाही. पाटी नाही, त्यामुळं पाटीवरून भांडण नाही.

कटकटी इथंही आहेत. टक्केवारी ठरवली की पगार उघडे पडतात. आमच्याकडं कुणीतरी ७३० रुपये यूपीआयनं टाकले आणि संध्याकाळपर्यंत त्याला किती मिळतात हे सगळ्यांना कळलं. आता पैसे थेट खजिनदाराकडं जातात आणि तो फक्त एकूण रक्कम सांगतो. म्हणजे खजिनदार तोंडाचा पक्का हवा, आणि असा माणूस आमच्या ग्रुपमध्ये एकच आहे. दुसरं, फोटो मिळत नाहीत. विशीतल्या पोरांना मानेच्या नावाची पाटी जेवढी ओढते तेवढा हिशेबाचा कागद ओढत नाही. दोन-चार जण त्यामुळं गळाले. आणि खुद्द माटाच्या मोहिमेचं म्हणाल तर मेस्सी-रोनाल्डोच्या तोडीची नावं तिथं आलेली नाहीत. सुरुवातीला सही करणाऱ्यांत महिला खेळाडू मोठ्या संख्येनं होत्या, म्हणजे ज्यांना पुरुषांच्या मानानं किती तरी कमी पैसे मिळतात त्याच पुढं आल्या. ही गोष्ट मला अजून खटकते.

पैसे बाहेरदेशी पाठवायच्या फंदात पडू नका, असं सुचवेन. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरातली ८०जीची सवलत नाही, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर तो विषयच संपला. इथंच संस्था आहेत: मुंबईत ऑस्कर, नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेली स्लम सॉकर. आम्ही मात्र अजून जवळ बघितलं. जिल्ह्यातल्या मुलींच्या टीमचे बूट आणि प्रवासखर्च. त्यात नाव कुणाचंच नाही, आणि गेल्या काही मोसमांत कुणी विचारलंही नाही.

तुमचा ग्रुप एकाच तालुक्यातला असेल, त्या गावाशी सगळ्यांचं नातं असेल आणि खेळाडू निवृत्त झालेला असेल, तर मानेची वाट घ्या. ती जास्त समाधान देते. नाहीतर माटा. आणि वर्गणी काहीही करून सप्टेंबरात गोळा करा, ट्रान्सफर विंडो बंद झाल्यावर. जून-जुलैत फोन उचलणारा प्रत्येक जण आधी कोण कुठं चाललाय ते विचारतो.