तीन फेजवर सहा पॉवर सप्लाय: कित्येक महिन्यांच्या वापरानंतर

थ्री-फेज फोर-वायर, ४०० व्होल्टची लाइन. तिच्यावर २४ व्होल्ट, २० अँपिअरचे सहा सिंगल-फेज एसएमपीएस (एसीचं डीसी करणारे स्विचिंग पॉवर सप्लाय), दर फेजला दोन. सगळ्यांचे आउटपुट डायोड मॉड्यूलमधून (करंट उलटा जाऊ न देणाऱ्या जोडणीतून) एकाच डीसी बसवर, म्हणजे सामाईक डीसी लाइनवर, लोड साधारण ७० अँपिअर. पॅनेल दिवसरात्र चालू असतं आणि मी या मांडणीवर खूश आहे. मध्यंतरी एक फेज गेली, तेव्हा उरलेल्या चार सप्लायनी प्रत्येकी साडेसतरा अँपिअर उचलले आणि मशीन थांबलं नाही. मात्र त्यासाठी लोड ८० अँपिअरच्या आत हवा. सहांची बेरीज १२० होते म्हणून लोड वाढवत नेला, तर हा फायदा गेलाच. आउटपुट व्होल्टेजही नीट जुळवून घ्या, नाहीतर एकच सप्लाय राबतो.

खरी काळजी न्यूट्रलची. फेज बॅलन्स असल्या की न्यूट्रलमध्ये करंट नसतो, हे हीटरसारख्या लोडला लागू आहे. साधा एसएमपीएस व्होल्टेजच्या शिखराजवळ थोडाच वेळ करंट ओढतो. अशा तुटक करंटमध्ये तिसरा हार्मोनिक, म्हणजे लाइनच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचा भाग, मोठा असतो आणि तो तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी वरखाली होतो. त्यामुळे न्यूट्रलमध्ये त्याची वजाबाकी होत नाही, बेरीज होते. माझ्याकडे फेजला साडेचार अँपिअर असताना न्यूट्रलला साडेसात दिसतात. हिशोबाने हा आकडा फेजच्या १.७३ पटीपर्यंत जाऊ शकतो. मोजायला ट्रू-आरएमएस (तुटक करंटचीही खरी किंमत दाखवणारा) क्लॅम्प मीटरच घ्या, साधा मीटर असा करंट बराच कमी दाखवतो. न्यूट्रलची वायर फेजपेक्षा जाड घ्या आणि प्रत्येक सप्लायचा न्यूट्रल वेगळा बसबारपर्यंत न्या.

न्यूट्रल सुटला तर काय होईल, याचा विचार वायरिंगआधीच करायला हवा. मग सप्लाय दोन फेजच्या मध्ये सिरीजमध्ये येतात आणि ४०० व्होल्ट आपसांत वाटून घेतात. ज्याला कमी व्होल्टेज मिळतं तो तेवढीच पॉवर काढायला जास्त करंट ओढतो, त्यामुळे त्याचं व्होल्टेज आणखी पडतं आणि दुसऱ्याचं चढत जातं. २६४ व्होल्टपर्यंतच्या इनपुटचा सप्लाय तिथे टिकत नाही. म्हणून न्यूट्रलमध्ये फ्यूज नाही, एकट्या न्यूट्रलला स्विच नाही, आयसोलेटर (मेन स्विच) फोर-पोल, म्हणजे तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकत्र तोडणारा. लगचे (वायरच्या टोकाच्या जोडणीचे) स्क्रू टॉर्क लावून घट्ट करून घेतले आहेत आणि मेंटेनन्सच्या वेळी, लाइन बंद करून, पुन्हा तपासतो.

चालू होताना क्षणभर ओढल्या जाणाऱ्या मोठ्या (इनरश) करंटसाठी सी-कर्व्हचे, म्हणजे असा झटका सहन करणारे, एमसीबी आणि टायमरने एकामागून एक सप्लाय चालू करणं, एवढं पुरलं. वीज क्षणभर जाऊन लगेच आली की एनटीसी (सप्लायमधला, थंड असताना इनरश अडवणारा रेझिस्टर) अजून गरम असतो, करंट अडवत नाही. ट्रिपिंगचा धोका तेव्हा जास्त.

शेजारच्या पॅनेलमध्ये तेवढ्याच लोडला अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे (पॉवर फॅक्टर सुधारून करंट सलग ओढणारे) सप्लाय आहेत. तिथे न्यूट्रलमध्ये एक अँपिअरही वाहत नाही. किंमत जास्त असली तरी नवीन पॅनेलला मी तेच घेईन. लोड आणखी मोठा असेल, तर थेट थ्री-फेज इनपुटचा सप्लाय बघा, बऱ्याचशा मॉडेलना न्यूट्रल लागतच नाही.