जिम की मैदान? वेग वाढवायचा असेल तर आठवडा कसा विभागावा

शंभर मीटर पळणाऱ्या मुलाकडे सरावाला आठवड्यातून चार-पाच दिवस असतील, तर त्यातले जिमला किती द्यायचे आणि मैदानाला किती? कुठल्याही जिल्हा क्रीडा संकुलावर दोन टोकांची उत्तरं ऐकायला मिळतात. एक गट म्हणतो, पळायचंय तर पळा, वजनं उचलून अंग जड होतं. दुसरा म्हणतो, पायात ताकदच नाही तर वेग येणार कुठून, आधी सहा महिने स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजनाचा बार घेऊन बैठका मारा. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण ते शर्यतीच्या वेगवेगळ्या टप्प्यांना लागू पडतं.

उसेन बोल्टची २००९ ची बर्लिनमधली ९.५८ सेकंदांची धाव बघा. पहिले २० मीटर २.८९ सेकंदांत, पुढचे २० मीटर १.७५, मग १.६७, मग १.६१ आणि शेवटचे १.६६. म्हणजे जगातला सगळ्यात वेगवान माणूसही ६० मीटर ओलांडल्यावर पूर्ण वेगात आला. तिथे त्याचा वेग ताशी ४४.७ किलोमीटरच्या आसपास होता. शाळा-कॉलेजातली मुलं हा टप्पा बरीच आधी गाठतात, पण क्रम तोच: आधी थांबलेलं शरीर ढकलायचं, मग चालत्या वेगावर पाय मारायचे.

या दोन कामांत पायाला मिळणारा वेळ सारखा नसतो. स्टार्टला पाय रोवायच्या ब्लॉकमधून निघाल्यावर पहिल्या पावलाला पाय जमिनीवर जवळपास ०.२ सेकंद टेकलेला असतो. पूर्ण वेगात तोच वेळ ०.१ सेकंदावर येतो, कसलेल्या धावपटूंचा त्याहूनही कमी. स्नायूला आपला सगळा जोर उभा करायला मात्र ०.३ सेकंदांहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे जिममध्ये कमावलेली ताकद पहिल्या दहा-वीस मीटरमध्ये भरपूर कामी येते, आणि वेग वाढेल तसा तिचा कमी-कमी वाटा वापरता येतो. पुढे प्रश्न असतो तो आहे ती ताकद किती झटकन जमिनीत उतरते याचा. आणि तेवढ्या वेगाने पाय टेकवण्याची सवय पूर्ण ताकदीने पळूनच लागते. स्क्वॉटची एक उठबस दीड-दोन सेकंदांची असते, तिथे ही सवय लागू शकत नाही.

म्हणून ताकद बिनमहत्त्वाची, असं मात्र नाही. धावण्याचा अभ्यास करणारे अमेरिकी संशोधक पीटर वेयांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिलं की पूर्ण वेगात असताना वेगवान आणि संथ धावपटू पाय हवेतून पुढे आणायला जवळपास सारखाच वेळ घेतात. फरक पडतो तो जमिनीवर किती जोर दिला जातो त्यात. ‘पाय भरभर हलव’ असं कडेला उभं राहून ओरडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

फक्त मैदान

याचा मोठा फायदा म्हणजे जे सुधारायचंय तेच रोज केलं जातं. खर्च नाही, साधनं नाहीत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना वर्ष-दोन वर्षं एवढंच पुरतं: छोट्या धावा, उड्या, जोर-बैठका आणि नीट शिकवलेली पळण्याची ढब. या वयात वजन उचललं की उंची खुंटते, ही भीती मात्र सोडून द्या. जाणकाराच्या देखरेखीखाली, हलक्या वजनावर, ढब सांभाळून केलेल्या व्यायामाने वाढ खुंटत नाही.

अडचण पुढे येते. अठरा-वीस वर्षांचा मुलगा रोज मैदानावर येतो, रोज घाम गाळतो आणि वर्षभर त्याच वेळेवर अडकून राहतो. बहुतेकदा त्याचं कारण असं की तो वेगाचा सरावच करत नसतो. दोनशे-तीनशे मीटरची रिपिटेशन्स, मध्ये मिनिटभर विश्रांती, धापा टाकत पुढची. त्याने दम वाढतो, वेग वाढत नाही. वेगाचा सराव म्हणजे ताज्या पायांनी, जीव तोडून, थोडंच पळणं. प्रशिक्षक एक ढोबळ हिशेब धरतात: दर दहा मीटरमागे एक मिनिट विश्रांती. तीस मीटर पळालात तर तीन मिनिटं थांबा. मुलांना हे आळशीपणाचं वाटतं, पालकांना तर फारच. पण ती तीन मिनिटं कापली की पुढची धाव मंद होते, आणि शरीर मंद पळायलाच शिकतं. तीस मीटर ४.३० सेकंदांत मारणारा मुलगा ४.४५ वर घसरला की त्या दिवसाचा वेगाचा सराव तिथेच संपवावा, मग ठरवलेल्यातल्या दोन धावा राहिल्या तरी चालेल.

जिमवर भर

ज्याने कधीच नीट ताकद कमावलेली नाही, त्याला जिमचा फायदा लवकर दिसतो. स्टार्ट सुधारते, पहिली पावलं लांब आणि ठाम पडतात. तालमीच्या परंपरेतल्या मुलांना वाटतं की शेकडो बैठका मारल्या म्हणजे हे काम झालं. बैठकांनी मांड्या चिवट होतात, पण शंभर वेळा करता येईल एवढा हलका भार जास्तीत जास्त जोर वाढवत नाही. त्यासाठी जड वजन, तीन ते पाच आवर्तनं, तीन-चार सेट आणि मध्ये भरपूर विश्रांती लागते. स्क्वॉट किंवा डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं), एका पायावरचा एखादा व्यायाम आणि मांडीच्या मागच्या बाजूसाठी एक, एवढं धावपटूला पुरे.

गल्लीतल्या जिममध्ये मात्र वेगळंच शिकवलं जातं. ‘लेग डे’ला बारा-पंधरा आवर्तनांचे सेट, पाय थरथरेपर्यंत. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही आणि तिसऱ्या दिवशी मैदानावर पाय उचलत नाहीत. शरीर सौष्ठवासाठी ते ठीक, धावपटूचा मात्र त्यात आठवडा वाया जातो, वर विनाकारण किलोंची भर पडते आणि तेही वजन त्यालाच ओढत न्यायचं असतं. स्वतःच्या वजनाच्या दीडपट ते दुप्पट स्क्वॉट चांगल्या ढबीत बसू लागला की त्यापुढे स्क्वॉट वाढवण्यामागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथून पुढच्या प्रत्येक पाच किलोंसाठी मोजावा लागणारा थकवा मैदानावर परत मिळत नाही.

दोन्ही करायचं, पण कसं?

दोन्ही हवं हे बहुतेकांना पटतं, घोळ होतो तो मांडणीत. सर्रास दिसणारा आठवडा असा: सोमवारी मैदान, मंगळवारी जिम, बुधवारी मैदान, गुरुवारी जिम. कागदावर समतोल दिसतो, पण यात एकही दिवस ताजा उरत नाही. मंगळवारच्या जड स्क्वॉटचा थकवा घेऊन बुधवारी स्प्रिंट, आणि त्याचा थकवा घेऊन गुरुवारी पुन्हा बारखाली.

याला पर्याय कॅनडाचे प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस यांच्या पद्धतीचा. त्यांचा शिष्य बेन जॉन्सन १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये उत्तेजक चाचणीत पकडला गेला, आणि तो डाग पुसला जाणार नाही, जाऊही नये. पण आठवड्याची त्यांची मांडणी आजही सरावात टिकून आहे, कारण ती मज्जासंस्थेच्या थकव्याचा विचार करते: कठीण ते सगळं एकाच दिवशी, आणि मधला दिवस खरोखर हलका. दोन कठीण दिवसांत ४८ तास.

प्रत्यक्षात ते असं दिसतं. सोमवारी चांगलं वॉर्म-अप, मग तीस मीटरच्या सहा धावा, पूर्ण विश्रांती घेत. त्याच दिवशी थोड्या वेळाने किंवा संध्याकाळी जिम: जड, पण थोडं. मंगळवारी गवतावर आरामात शंभर-शंभर मीटर, बोलता येईल इतक्या वेगात, पोटाचे व्यायाम, ताणकाम. बुधवारी पुन्हा कठीण: वीस-तीस मीटरचा धावता वेग घेऊन पुढचे वीस मीटर पूर्ण ताकदीने, आणि नंतर जिम. गुरुवार हलका. शुक्रवारी तिसरा कठीण दिवस, तोही शरीर हो म्हणत असेल तरच. क्रम नेहमी मैदान आधी, जिम नंतर. थकलेल्या पायांनी स्क्वॉट केला तर चार-पाच किलो कमी उचलले जातील, एवढंच. थकलेल्या पायांनी पूर्ण वेगात पळालात तर मांडीची मागची शीर जाऊ शकते.

तुमचं नेमकं कुठे अडतं?

ठरवण्याआधी एक सकाळ याला द्या. फक्कीने शून्य, तीस आणि साठ मीटरवर रेषा मारा, तीस आणि साठवर काठ्या रोवा. पंचेचाळीस मीटरच्या समोर, बरंच लांब उभं राहून मित्राला स्लो-मोशनमध्ये व्हिडिओ काढायला सांगा. साधारण तुमच्याच वेळेत शंभर मीटर मारणाऱ्या दोघा-तिघांसोबत पळा. छाती काठीला कधी येते ते व्हिडिओत थांबवून बघा.

तीस मीटरवरच मागे पडलात आणि पुढे अंतर तेवढंच राहिलं किंवा कमी झालं, तर ताकद आणि स्टार्ट कमी पडतेय. पुढचे दोन-तीन महिने जिमला थोडा जास्त वाटा द्या. सोबत टायर ओढत किंवा चढावर वीस मीटरच्या धावा घ्या. तीसपर्यंत बरोबरीत होतात आणि तिथून मागे पडलात, तर आणखी स्क्वॉटने काही साधणार नाही. धावत्या वेगातल्या छोट्या धावा वाढवा, जिम आठवड्यातून एकदा ठेवा. कमावलेली ताकद तेवढ्यावर बरेच आठवडे टिकते. आणि ऐंशीपर्यंत ठीक, पुढे ढेपाळता, असं असेल तर तो वेग टिकवण्याचा वेगळा प्रश्न आहे. त्यावर या दोन्हींपैकी एकच वाढवणं हे उत्तर नव्हे.

महाराष्ट्रात हा प्रश्न सगळ्यात जास्त पडतो तो पोलीस भरतीच्या मुलांना. मैदानी चाचणीच्या ५० गुणांत मुलांसाठी १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. रोज पहाटे १६०० मारून शंभर मीटर आणि गोळा आपोआप सुधारत नाही, उलट पाय कायम भरलेले राहतात. इथे आठवड्यातून दोन दिवस स्प्रिंट आणि जड वजनं, दोन दिवस १६०० ची तयारी आणि मध्ये खऱ्या अर्थाने हलके दिवस, ही वाटणी जास्त गुण देते. जिमचा त्यांना दुहेरी उपयोग होतो, कारण गोळ्याचा जोरही पायांतूनच येतो.

मांडीच्या मागच्या शिरेबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण कित्येक चाचण्या आणि स्पर्धा तिथेच संपतात. ही शीर म्हणजे मांडीमागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग. ते बहुतेकदा पूर्ण वेगात, पुढे गेलेला पाय जमिनीकडे येत असताना फाटतं, म्हणजे स्नायू ताणला जातोय आणि त्याच वेळी भारही पेलतोय अशा क्षणी. त्यासाठी नॉर्डिक नावाचा व्यायाम आहे. जाड सतरंजीवर गुडघे टेकून ताठ उभे राहा, जोडीदाराने घोटे घट्ट दाबून धरावेत, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत शरीर सरळ ठेवून जमेल तितक्या सावकाश पुढे झुका, शेवटी हातांवर पडा. आठवड्यातून दोनदा चार-पाच आवर्तनं केलीत तरी पुरे. सुरुवातीला मांड्या दुखतात, म्हणून स्पर्धा जवळ आल्यावर हे नव्याने सुरू करू नये. फुटबॉल आणि इतर खेळांतल्या संशोधनात या व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी झाल्या आहेत. पण नुसता नॉर्डिक पुरत नाही. महिनाभर पूर्ण वेगात न पळता थेट चाचणीच्या दिवशी जीव तोडून पळणाऱ्याला धोका असतोच.

स्पर्धेआधीचे शेवटचे दहा-बारा दिवस जड वजनं थांबवा किंवा एक-दोन हलक्या, चपळ सेटवर आणा. धावा निम्म्या करा, पण त्यांचा वेग उतरू देऊ नका. शेवटचा पूर्ण ताकदीचा सराव तीन-चार दिवस आधी घ्या.