डार्कथ्रोनचा 'फ्रॉस्टलँड टेप्स' कोणी घ्यावा?

डार्कथ्रोन हा नॉर्वेचा मेटल बँड म्हटलं की काळंपांढरं कव्हर, करकरीत गिटार आणि 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' हा अल्बम डोळ्यांसमोर येतो. तेच ऐकायच्या आशेनं हा संच मागवणार असाल तर थांबा. पीसव्हिल या रेकॉर्ड कंपनीनं २००८ मध्ये काढलेल्या या तीन सीडींत ब्लॅक मेटल, म्हणजे ती करकरीत, थंडगार शैली, जवळजवळ नाहीच. आहे ते बँड डेथ मेटल ही जास्त जड, गुंतागुंतीची शैली वाजवत होता तेव्हाचं: १९८८-८९ चे चार डेमो (अल्बमच्या आधीची कच्ची रेकॉर्डिंग), १९९० चा डेन्मार्कमधला लाइव्ह कार्यक्रम आणि 'गोटलॉर्ड'ची गायनाविना तालीम. 'सोलसाइड जर्नी' हा त्यांचा पहिला, डेथ मेटल अल्बम मनापासून आवडणाऱ्यानं मात्र हा संच डोळे झाकून घ्यावा.

ऐकायला सुरुवात दुसऱ्या सीडीपासून करा. तिच्यावर १९८९ चा 'क्रोमलेक' हा डेमो आहे. त्यातली चारही गाणी पुढं स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत पुन्हा रेकॉर्ड होऊन 'सोलसाइड जर्नी'वर आली. त्यामुळं 'आयकोनोक्लाझम स्वीप्स कॅपाडोशिया' आधी डेमोत आणि लगेच अल्बमवर ऐकलं की काय बदललं ते नेमकं कळतं. डेमोत पॉलिश नाही आणि रिफांचे (गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या ओळींचे) सांधे उघडे दिसतात. ड्रमर फेनरिझ ताल कुठं आणि कसा मोडतो हे अल्बमपेक्षा इथं जास्त स्पष्ट ऐकू येतं. संचाची निम्मी किंमत या एका डेमोनं वसूल होते. त्याच सीडीवरचा लाइव्ह भाग दस्तऐवज म्हणून ठीक, पुन्हापुन्हा लावण्यासारखा नाही.

पहिल्या सीडीवर १९८८ चा 'लँड ऑफ फ्रॉस्ट' हा डेमो सगळ्यात कच्चा. सेल्टिक फ्रॉस्ट या स्विस मेटल बँडचा प्रभाव जागोजागी दिसतो, वाजवणं अजून हाताशी आलेलं नाही. पण त्याच वर्षीच्या 'अ न्यू डायमेन्शन'वरचं 'स्नोफॉल' वगळू नका. जवळपास नऊ मिनिटांची ही संथ, गायनाविना रचना ऐकली की थंडगार, रेंगाळणारं वातावरण उभं करायची या बँडची ओढ ब्लॅक मेटलच्याही आधीची आहे हे पटतं. 'थुल्कांड्रा' या तिसऱ्या डेमोतलं 'इऑन' ओळखीचं वाटेल, कारण 'सोलसाइड जर्नी' त्याच गाण्यानं संपतो.

तिसऱ्या सीडीबद्दल मतभेद होतील. 'गोटलॉर्ड' हा दुसरा अल्बम व्हायचा होता. तालमीच्या टेप तयार असतानाच बँडनं दिशा बदलली आणि १९९१ मध्ये 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय' रेकॉर्ड केला. फेनरिझनं १९९४ मध्ये या टेपवर गायन चढवलं आणि १९९६ मध्ये ते मूनफॉग या रेकॉर्ड कंपनीकडून बाजारात आलं. ते चिरके, विचित्र आवाज ज्यांना सहन होत नाहीत त्यांच्यासाठी ही गायनाविना आवृत्ती खरी भेट आहे. खालचे गुंतागुंतीचे रिफ मोकळे होतात. मात्र पीसव्हिलनं २०२३ मध्ये 'गोटलॉर्ड: ओरिजिनल' या नावानं हीच गायनाविना तालीम वेगळी काढली आहे. ती घरात असेल तर या संचात तुमच्यासाठी नवीन दोनच सीडी उरतात, आणि मग पूर्ण किंमत मोजणं मला पटत नाही.

आवाजाबद्दल अपेक्षा आधीच बेताची ठेवा. कॅसेटवर कमी साधनांत रेकॉर्ड झालेलं संगीत आहे. टेपवर जे उतरलंच नाही ते रीमास्टरिंगनं परत येत नाही, पातळी तेवढी वाढते आणि तिच्याबरोबर सरसरही वाढते. ती घालवायला ट्रेबल उतरवलात तर झांजा आणि गिटारची धारही जाते, कारण सगळं त्याच पट्ट्यात आहे. बास वाढवला तर गढूळपणा वाढतो. त्याऐवजी इक्वलायझरवर २०० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी करून पाहा, किक ड्रम आणि बास गिटार जरा सुटे होतात. हेडफोनवर सरसर टोचते, स्पीकरवर ती खोलीत मिसळून जाते. फाइली करून ऐकत असाल तर रिप्लेगेन (प्लेयरमधली आवाजाची पातळी सारखी करणारी सोय) अल्बमऐवजी ट्रॅक मोडवर ठेवा. एकाच सीडीवर वेगवेगळ्या टेप असल्यानं नाहीतर दर डेमोला हात आवाजाच्या बटणाकडं जातो.

जुना संच घेताना विक्रेत्याकडून तिन्ही सीडींच्या खालच्या बाजूचे फोटो मागा. कारखान्यात छापलेली सीडी चंदेरी दिसते. निळसर-हिरवी झाक असेल तर ती घरी बर्न केलेली असण्याचीच शक्यता जास्त. आतल्या कड्यावर मॅट्रिक्स क्रमांक आणि आयएफपीआय कोड, म्हणजे कारखान्यात उमटवलेल्या ओळखखुणाही दिसायला हव्यात. खालच्या बाजूचे बारीक ओरखडे बहुतेक वेळा चालतात, पण छापील बाजूचा खोल ओरखडा चालत नाही. माहिती साठवणारा थर त्याच बाजूला, पातळ लॅकरखाली असतो, आणि तो खरवडला की पॉलिश करूनही दुरुस्त होत नाही. संच हाती आल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत तिन्ही सीडी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या संगणक प्रोग्रॅमच्या, चुका तपासणाऱ्या सिक्युअर मोडमध्ये रिप करा (फाइलींत उतरवून घ्या). नुसतं वाजवून चूक सापडत नाही. प्लेयर लहानसहान त्रुटी अंदाजानं भरून काढतो, आणि या टेपच्या सरसरीत ती जागा कानाला कळतही नाही.