ब्लाउज आजच्या मापाचा: डोंबिवलीतील एका शिलाई दुकानाविषयी
डोंबिवली पूर्वेतील या लहानशा दुकानात ब्लाउज शिवायला देण्याचे मुख्य कारण म्हणजे तेथील बाई ग्राहकाच्या शरीराविषयी अवाक्षर काढत नाहीत. जुना ब्लाउज नमुन्यादाखल न मागता त्या छाती, कंबर, मुंढा (काखेभोवतीचा घेर), दंडघेर आणि दोन्ही खांदे प्रत्यक्ष मोजतात, एक खांदा किंचित उतरता असल्यास कापतानाच तेवढा फरक करतात आणि भरलेल्या छातीला साध्या टक्सऐवजी (घडी घालून मारलेल्या शिवणींऐवजी) कटोरी (वाटीसारखा वेगळा जोडलेला तुकडा) किंवा प्रिन्सेस कट (छातीवरून खाली जाणारी लांब शिवण) का बरा, हेही समजावून देतात. लग्नापर्यंत बारीक होणार म्हणून घट्टच शिवा, असा आग्रह धरणाऱ्या एका मुलीला (अशा मुली आपल्याकडे पुष्कळ) त्यांनी माझ्यासमोर आजच्याच मापाचा ब्लाउज सुचवला. शिवण पुढे आत घेता येते आणि आत माया, म्हणजे शिवणीपलीकडचे जादा कापड, ठेवलेली असल्याने सैलही करता येते, एवढेच त्या म्हणाल्या. जाड दंड झाकण्यासाठी लांब बाही त्या आपणहून सुचवत नाहीत, हे मला विशेष आवडले. माझा पहिला बिनबाहीचा ब्लाउज येथेच शिवला असून तो मुंढ्यात कुठेही काचत नाही. शिलाई आसपासच्या दुकानांपेक्षा थोडी महाग आहे आणि लग्नसराईत दिलेली तारीख हमखास पुढे जाते. ब्लाउज घालून पाहण्याची जागा मात्र फारच अरुंद आहे.